५२ वजा २७ बरोबर ३५

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला या वेळी वर्गातल्या गणिताच्या वह्या घेऊन या, असा निरोप होता. मी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. एरवी परिषद म्हणजे परिपत्रकं, ऑनलाइन भरायची माहिती आणि पीपीटी. त्या दिवशी परिषद घेणाऱ्या सुलभक मॅडमनी प्रोजेक्टर लावलाच नाही. गटागटांत वह्या वाटल्या आणि म्हणाल्या, "चूक की बरोबर ते राहू द्या. पोराने काय विचार केला असेल, ते सांगा."

आमच्या गटात माझ्याच वर्गातल्या दोन वह्या आल्या. दोन्हींत ५२ वजा २७ चं उत्तर ३५. 'हातच्याची वजाबाकी कच्ची' यापुढे आमची गाडी सरकेना. मग शेजारच्या शाळेतले सर म्हणाले, "२ मधून ७ जात नाहीत, म्हणून याने सरळ ७ मधून २ काढलेत." दुसऱ्या वहीत मात्र २ च्या डोक्यावर बारीक १२ लिहिलेले होते. त्या मुलीने दशक सुटा केला होता, १२ मधून ७ बरोबर वजा केले होते. फक्त ५ दशकांचे ४ करायचे राहिले होते.

मॅडमनी फळ्यावर ५२ वजा २८ लिहिलं. पहिल्या रीतीने ३६ येतात, दुसरीने ३४. एककांमधला फरक ५ असला की या दोन्ही चुका एकाच उत्तराआड लपतात, एरवी उघड्या पडतात. चाचणीत कोणतं गणित घालायचं यालाही इतका अर्थ असतो!

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच दिलं. मुलाचे ३६ आले, मुलीचे ३४. मुलापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "यातल्या २८ मला दे." दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. "बाई, गठ्ठा सोडू?" रबर काढून त्याने सहा काड्या मोजून दिल्या. मुलीला काड्या लागल्याच नाहीत. सुटा केलेला दशक खोडून लगेच नवा आकडा लिहायचा, एवढाच सराव तिला पुरला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं. त्यातले निम्मे तरी असे वह्यांवर जावेत, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या परिषदेला मी ४०२ वजा १७८ सोडवलेल्या वह्या नेणार आहे. मधल्या शून्यापाशी पोरं काय काय करतात, ते सगळ्यांनी मिळून बघायचंय.