तुम्ही विचारलंत म्हणून: बेसला ओव्हरड्राइव्ह कोणता घेऊ?

बेस गिटारला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा पायाने दाबायचा डबा (पेडल), कोणता घ्यायचा, हे महिन्यातून तीन-चार जण तरी मला विचारतात. कधी जॅम रूमबाहेर चहा पिताना, कधी रात्री साडेअकराला मेसेज करून. "दादा, बेससाठी ओव्हरड्राइव्ह घ्यायचाय, कोणता घेऊ? गिटारचा एक पडलाय घरात, तो चालेल का?" आणि सोबत दोन-तीन पेडलचे फोटो. प्रत्येकाला मी तुकड्या-तुकड्यांत उत्तर देतो, मग अर्धं सांगायचं राहूनच जातं, म्हणून आज बसून सगळं एकदाच लिहितोय.

सरळ उत्तर हवं असेल तर ते एवढंच की ज्याला ब्लेंडचा नॉब आहे तो घ्या. कंपनी कोणती, दिसतो कसा, कोणता मोठा बेसिस्ट वापरतो, हे सगळं नंतर. ब्लेंड म्हणजे तुमचा मूळ साफ आवाज आणि फाटलेला आवाज दोन्ही किती किती घ्यायचे ते ठरवणारा नॉब. काही कंपन्या त्याला बॅलन्स म्हणतात, काही ड्राय किंवा मिक्स. बेसवाल्याचं अर्धं काम हा एक नॉब करतो, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक गॅदरिंग वाचलं असतं.

कॉलेजात असताना गिटारवाल्या मित्राचा ट्यूब स्क्रीमर नावाचा गिटारचा ओव्हरड्राइव्ह मागून घेतला होता. घरी आठ इंची स्पीकरच्या छोट्या ॲम्पवर वाजवला तर इतका भारी वाटला की दोन दिवस तेच करत बसलो. मग गॅदरिंगला पहिल्याच गाण्यात कोरस आला, मी जोरात पाय मारला आणि गाण्याचं बूडच गेलं. मला स्टेजवर वाटलं माझी केबल निघाली, ड्रमरने मागून वाकून माझ्या ॲम्पकडे बघितलं. रात्री एका मित्राने मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं, त्यात कोरसच्या आधीपर्यंत बेस आहे आणि कोरसला कानाशी डास फिरतोय असा काहीतरी आवाज आहे. बाकीचे तिघं जीव तोडून वाजवतायत आणि खाली काहीच नाही. मला खूप वाईट वाटलं होतं, अजूनही आठवलं की वाटतं.

पेडल चांगलाच होता, त्याचा काही दोष नव्हता. ट्यूब स्क्रीमरच्या आत जिथे आवाज वाढवून डायोडवर फाडला जातो तिथे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असे लावलेत की साधारण ७२० हर्ट्झच्या खाली जाल तसतसं ते वाढवणं कमी कमी होत जातं. म्हणजे खालचा आवाज कापला जात नाही, तो आहे तेवढाच राहतो, पण वरचा भाग कितीतरी पट मोठा होतो. मग तुम्ही एकूण आवाज जास्त झाला म्हणून लेव्हल कमी करता आणि त्याबरोबर खालचा बिचारा आणखी खाली जातो. गिटारला हे वरदान आहे, गिटारचा घुमारा कमी होऊन सूर पुढे येतो, त्यासाठीच ते तसं केलंय. पण गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची आणि आपली बेसची ई तार ४१ची. पाच तारांचा बेस असेल तर खालची बी ३१च्या आसपास. आपलं घर ज्या मजल्यावर आहे तिथपर्यंत ती लिफ्ट येतच नाही. म्हणून घरात पडलेला गिटारचा पेडल चालेल का, तर चालेल, पण शेजारून साफ आवाज पण न्यावा लागेल. बॉसचा एलएस-२ नावाचा लाइन सिलेक्टर मिळतो, त्यात दोन रस्ते एकत्र मिसळता येतात, एका रस्त्यावर पेडल ठेवायचा आणि दुसरा मोकळा सोडायचा. एक तपासून बघा मात्र. काही पेडल आवाजाची फेज उलटी करतात, म्हणजे आवाजाची लाट वर असते तिथे खाली करतात, मग दोन्ही रस्ते मिसळले की खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो. मिसळल्यावर आवाज भरण्याऐवजी पोकळ झाला तर समजा तेच झालंय.

आता कुणी म्हणेल, बेसला मुळात हे हवंच कशाला? साफ बेस छानच असतो की. हो, असतो. पण मला हे खरं कळलं ते मिरजेला. एका नातेवाइकांच्या तानपुऱ्याची जवारी काढायची होती म्हणून सतारमेकर गल्लीत गेलो होतो, दुकानात बसून बघत होतो. कारागीर तानपुरा मांडीवर आडवा घेऊन बसले होते, घोडीच्या वरच्या भागावरून कानस अगदी हलक्या हाताने एकदा फिरवायची, फुंकर मारायची, तार जागेवर घ्यायची, छेडायची, परत तार बाजूला. असं किती वेळा केलं देव जाणे. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला, नखाने केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी आल्यावर ती खरजाची तार एकदम बोलायला लागली. आधी तीच तार नुसती धप्प वाजत होती. आवाज मोठा झाला नव्हता, तार तीच, छेडणारं बोटही तेच, पण आता ती दुकानाबाहेर ऐकू गेली असती.

जवारीत तारेचा सूर घोडीवर घासत घासत सुटतो आणि त्यातून वरचे स्वर फुटतात, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. ओव्हरड्राइव्ह विजेच्या रस्त्याने त्याच गावाला जातो. ४१ हर्ट्झच्या ई मधून ८२, १२४, १६५, २०६ असे स्वर जोर धरतात. आपल्या कानाची गंमत अशी की हे वरचे स्वर ऐकू आले की तो खालचा मूळ स्वर स्वतःच मनात भरून घेतो. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येतच नाही हो, तरी त्यावर बेसची ओळ कळते ती यामुळेच. दोन गिटार, झांजा आणि गाणारा सगळे एकदम सुटलेले असताना साफ बेस पोटात जाणवतो पण कोणता सूर वाजतोय ते कळत नाही, थोडी जवारी आली की सूर कळतो. मी बेसवर ड्राइव्ह लावतो ते यासाठी. रागीट आवाजासाठी लावणारेही आहेत, त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, मोटरहेड बँडच्या लेमीने मार्शल ॲम्पमधून बेस काढला तो ऐकून कोण नाही म्हणेल, पण विचारणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हवी असते ती ही जवारी.

आणि तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार माहितीय ना, कुणी लावलेला नसताना खरजातून ऐकू येणारा? तो पाचपटीचा स्वर. आपल्या ई चा पाचपट २०६ हर्ट्झ, तो जवळपास जी शार्प, म्हणजे शुद्ध गंधार. आवाजाची लाट वरून आणि खालून सारखीच फाडणारे पेडल तिप्पट-पाचपट असे विषम स्वरच जास्त देतात, म्हणजे पंचम आणि गंधार. आता गाणं ई मायनरमध्ये असेल, गिटारवाला कोमल गंधार धरून बसलाय आणि तुमचा गेन, म्हणजे आवाज किती फाडायचा तो नॉब, घड्याळाच्या काट्यासारखा दोन वाजेपर्यंत फिरवलाय (पुढचे नऊ, दहा, बारा हेही असेच वाचा), तर तुमच्या आवाजातला शुद्ध गंधार त्याला घासणार. म्हणून मायनरच्या संथ गाण्यांना मी गेन कमी ठेवतो. तसंच बेसवर दोन तारा एकत्र वाजवत असाल तर ड्राइव्ह बंद करा, दोन्ही सुरांचा चिखल होतो.

जाता जाता एक सांगतो, कारण बेसवाल्यांना हे माहीत हवं. फझचा, म्हणजे ओव्हरड्राइव्हपेक्षाही जास्त फाटलेला आवाज पहिल्यांदा खूप गाजला तो १९६१ साली, मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाच्या एका गाण्यात, आणि तो साध्या गिटारचा नव्हता. नॅशव्हिलच्या स्टुडिओत ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि मिक्सिंग कन्सोलचं चॅनल बिघडलं होतं. त्या बिघाडाच्या आवाजाच्या मागे लागून पुढे १९६२ मध्ये माएस्ट्रो कंपनीचा फझ-टोन पेडल बाजारात आला. तेव्हा "बेसला असलं शोभत नाही" म्हणणाऱ्यांना हे सांगा.

बरं, पेडल. मी वाजवलेल्यांबद्दलच बोलतो. बॉसचा ओडीबी-३ १९९४ पासून आहे, जुना बाजारात सहज मिळतो, पत्र्याचा भक्कम डबा, आणि त्यात बॅलन्स आहे. लोक त्याला नावं ठेवतात कारण त्याचा वरचा आवाज चिरका आहे. पण हायचा नॉब मागे ओढा, गेन नऊच्या पुढे नेऊ नका, बॅलन्स अर्ध्याच्या अलीकडे, आणि बघा. पहिला पेडल म्हणून मी तोच सुचवतो. टेक २१ चा सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर डीआय वेगळ्या जातीचा, तो ट्यूब ॲम्पसारखा वागतो आणि त्याला थेट साउंडवाल्याकडे जाणारी एक्सएलआर पिन आहे. त्याचा ब्लेंड पूर्ण चढवला की मधला आवाज खोलगट होतो, एकट्याने वाजवताना फार गोड, बँडमध्ये हरवतो, म्हणून अर्ध्यावर ठेवा. पैसे कमी असतील तर त्याच धर्तीवरचा बेहरिंगरचा बीडीआय२१ आहे, डबा प्लास्टिकचा, जोरात पाय मारू नका, पण आवाजाने मला कधी दगा दिला नाही. डार्कग्लास ही हेलसिंकीची कंपनी, त्यांच्या बी३के वर ग्रंट नावाचं बटण आहे, फाडण्याच्या आधी खालचा आवाज किती आत सोडायचा ते त्याने ठरतं. ट्यूब स्क्रीमरमध्ये जे कायमचं ठरवून टाकलंय ते इथे तुमच्या हातात दिलंय, म्हणून मला ते बटण फार आवडतं. मेटल वाजवणाऱ्यांनी हाच घ्यावा, पैसे जमेपर्यंत थांबावं लागलं तरी. ब्लूज, जुनी रॉक गाणी किंवा अभंगांना रॉकचा बाज देणारे बँड असतील त्यांना तो जरा जास्तच धारदार पडेल.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचा बेस लोकांपर्यंत जाणार कशातून? यातल्या काही पेडलच्या मागे एक आवाज आहे, १९६९ चा ॲम्पेग एसव्हीटी नावाचा बेस ॲम्प, ३०० वॉट, चौदा ट्यूब, खाली दहा इंची आठ स्पीकर. ते स्पीकर वरचा चिरका आवाज फेकतच नाहीत, म्हणून तो फाटलेला आवाज उबदार लागतो. आपल्याकडे छोट्या कार्यक्रमात असं काही नसतं, बेस डीआयमधून, म्हणजे ॲम्पशिवाय थेट जोडणाऱ्या डब्यातून, सरळ पीएमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या साउंड सिस्टिममध्ये, आणि पीएचे हॉर्न सगळी फुरफुर जशीच्या तशी लोकांच्या कानात ओततात. तेव्हा ज्याच्या आउटपुटला कॅबसारखा (ॲम्पच्या स्पीकरच्या खोक्यासारखा) फिल्टर आहे असा पेडल घ्या, नाहीतर टोनचा नॉब निर्दयपणे खाली करा. स्वतःचा कॅब असेल आणि त्याला ट्विटर, म्हणजे वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर, असेल तर ड्राइव्ह लावताना ट्विटर बंद करून बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा बेस घेऊन जा. ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरी असलेल्या बेसचं आउटपुट बहुतेक जास्त असतं, त्याला जो गेन दहावर पुरतो तो पॅसिव्हला बारावर लागेल, दुकानातल्या बेसवर ठरवून काही उपयोग नाही. पहिलं काम, पेडल चालू आणि बंद दोन्हीचा आवाज सारखा करा. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, या फसवणुकीत मी माझे पैसे घालवलेत. मग गेन शून्यावर, ब्लेंड पूर्ण, आणि हळूहळू गेन वाढवत ई तारेवर एकच सूर लांब धरा. सूर विझताना कसा विझतो ते ऐका. चांगल्या पेडलमध्ये खरखर हळूहळू कमी होत साफ सूर उरतो, वाईट पेडलमध्ये शेवटी थुंकल्यासारखं फुर्र होऊन आवाज तुटतो. हलक्या बोटाने साफ आणि जोराने फाटलेला, असं बोटाचं ऐकतो का तेही बघा. आणि जमलं तर एक दिवसासाठी मागून आणून बँडबरोबर वाजवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा. एकट्याने जेवढा ड्राइव्ह पुरे वाटतो तेवढा बँडमध्ये ऐकूच येत नाही, त्याहून जरा जास्त लागतो, हे त्या रेकॉर्डिंगशिवाय पटत नाही.

वीज सांभाळा. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात, मधली पिन निगेटिव्ह, पण डब्यावरची खूण वाचल्याशिवाय ॲडॅप्टर खुपसू नका. ड्राइव्ह तुमच्या सुराबरोबर गुणगुणही वाढवतो, आणि मंडपात अर्थिंग नसलं की ती ५० हर्ट्झची गुणगुण गाण्याच्या वर येऊन बसते. पावसाळ्यात नॉबमध्ये ओल जाऊन खरखर सुरू होते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

मी स्वतः काय वापरतो हेही विचारता ना. तोच ओडीबी-३, जुना घेतलेला, कडेचा पिवळा रंग उडालाय. बॅलन्सच्या नॉबशेजारी व्हाइटनरचा एक ठिपका आहे, दहाच्या किंचित पुढे. मिरजेहून आल्यावर पुढच्या प्रॅक्टिसला ती जागा सापडली, तासभर ई तार धरून नॉब केसभर पुढे, केसभर मागे करत होतो, आणि एका जागी आल्यावर ड्रमर वाजवायचं थांबून म्हणाला, "हां, आता ऐकू येतोयस."