फॉर्मॅलिनचा कॅन

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सहायक दिवसभर करतो काय, हे खुद्द कॉलेजातल्याच लोकांना ठाऊक नसतं. तो बरण्या सांभाळतो. परीक्षा जवळ आली की खाली गेलेलं फॉर्मॅलिन पुन्हा काठापर्यंत आणायचं, झाकणाला व्हॅसलिन फिरवायचं, काचपट्टीवरून सुटलेला प्राणी पांढऱ्या दोऱ्यानं परत बांधायचा. फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, एवढं कुणालाही येतं. पण शंख किंवा तारामासा त्यात तसाच टाकला तर आम्लानं त्याचा चुना खायला सुरुवात होते. म्हणून बोरॅक्स घालायचा, नाहीतर सरळ 70 टक्के अल्कोहोल वापरायचं. समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, तर फॉर्मॅलिन लागताक्षणी मूठ मिटतं. आधी पाण्यावर मेंथॉलचे खडे टाकून त्याला गुंगी आणावी लागते, तेव्हा कुठे बोटं उघडी राहतात. आमच्या समुद्रफुलाची बोटं उघडी आहेत. बाहेरून येणारे परीक्षक ते बघून थांबतात आणि श्रेय विभागप्रमुखांना देतात.

2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी आमच्या तळमजल्यात शिरली. गाव मगरींचे व्हिडिओ काढत होतं आणि मी गाळातून बरण्या काढत होतो. जड म्हणून समुद्री प्राणी सगळ्यात खालच्या फळीवर. काही बरण्या फुटल्या. बाहेरून डिंकानं चिकटवलेल्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या, आत पेन्सिलनं लिहून सोडलेल्या शाबूत राहिल्या. (शाईची चिठ्ठी आत टाकणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) गेलेल्यांत एक जुनी चिठ्ठी होती, तिच्यावर फक्त ‘ओखा’ एवढंच लिहिलेलं. ओखामंडळ, म्हणजे द्वारकेकडचा पट्टा, तेव्हा बडोदे संस्थानात होतं. तिथल्या समुद्री जिवांची पाहणी सयाजीरावांनी जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून करून घेतली आणि तिचा अहवाल 1909 पासून निघू लागला. बरणी त्या काळची नसणार, पण मला ती तशी मानायला आवडायची.

तर ही रिकामी फळी भरायची म्हणून यंदा सहलीला मलाही घेतलं. दरवर्षी मुलं नराऱ्याला जातात आणि मागे प्रयोगशाळेत कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. या वेळी सरांनी सांगितलं, ‘कॅन घ्या, मोकळ्या बरण्या घ्या, मिळेल ते उचलू.’

नरारा ज्यात येतं ते जामनगरजवळचं सागरी राष्ट्रीय उद्यान देशातलं पहिलं. 1980 मध्ये अभयारण्य झालं, 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान. त्यात 42 बेटं आहेत, पिरोटन त्यांतलं नावाजलेलं. तिथे होडीनं जावं लागतं. नराऱ्याला मात्र ओहोटी लागली की समुद्राच्या तळावरून चक्क चालत जाता येतं. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे पहिल्या वर्षाला आम्हीच शिकवतो. तरी सहलीची तारीख काढताना सुट्ट्यांचं कॅलेंडर काढलं जातं. मॅडमनी हट्टानं अमावास्येच्या आसपासचा दिवस लावून घेतला, म्हणून पाणी लांबवर हटलं. नाहीतर रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून काठावरूनच परतलो असतो.

आमचा गाइड काठेवाडी बोलणारा, कमी शब्दांचा. जुने बंद बूट घाला, पाय घासत टाका, दगड उलटला तर जसा होता तसाच ठेवा. खालच्या बाजूला जे चिकटलेलं असतं ते उन्हात मरतं. आणि खिशात काही घालायचं नाही, मेलेला शिंपलासुद्धा नाही. तिवरांच्या पलीकडे वाडिनारकडच्या तेलाच्या टाक्या दिसत होत्या. आमच्या पायाखाली घोट्याएवढं पाणी आणि त्यात प्रवाळ. मुलं आधी ओळखेचनात, कारण आमच्या कपाटातला प्रवाळ पांढराफटक. इथे तो खाकी, हिरवट, मेणचट. तो रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या शेवाळाचा. पांढरा उरतो तो नुसता सांगाडा.

एका खळग्यापाशी गाइड उकिडवा बसला. तोंडाशी खेकड्याच्या कवचांचे तुकडे, फुटके शिंपले, बारीक खडे यांचा ढीग. ‘घरधणी अंदर छे,’ म्हणाला. बराच वेळ काही नाही. मग ज्याला मी खडक समजत होतो त्याला डोळा आला. आडव्या फटीसारखी बाहुली. ऑक्टोपस. आधी तपकिरी, मग कडेनं गडद होत सगळा काळपट, अंगावर काटा आल्यासारखे उंचवटे. पाण्यात उतरला तसा वाळूच्या रंगाचा झाला आणि दिसेनासाच झाला. त्वचेत रंगाच्या पिशव्या असतात, त्या स्नायूंनी ताणल्या की रंग पसरतो. ही आकृती मी स्वतः फळ्यावर काढून दिलेली आहे. रावपुऱ्यातली आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘काका, आपला बरणीतला पिठल्याच्या रंगाचा का हो?’ मी सांगितलं, मेल्यावर स्नायू ढिले पडतात आणि पिशव्या आक्रसतात, उरलासुरला रंग फॉर्मॅलिन खातं.

तेवढ्यात सरांचा आवाज आला, ‘बरणी आणा.’ त्यांच्या पायाशी समुद्रकाकडी होती. गाइड मुलांना घेऊन पुढे गेलेला.

मी म्हटलं, ‘सर, हे राष्ट्रीय उद्यान आहे. परवान्याशिवाय इथलं काही नेणं गुन्हा आहे. शिवाय समुद्रकाकडी आणि प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला.’

‘मला कायदा शिकवू नका. कॅन उघडा.’

मी कॅन उघडला नाही. किल्ली माझ्याकडे नव्हती असं वगैरे नाही. सरळ नाही म्हणालो, मुलांना ऐकू जाईल एवढ्यानं. समुद्रकाकडी घाबरली की स्वतःचं आतडं बाहेर टाकते, आमच्या बरणीतल्या काकडीचं पोट म्हणूनच रिकामं आहे, हेही सांगितलं. तेवढं सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

परतीच्या बसमध्ये बगोदऱ्याला चहाला उतरलो तेव्हा सर शेजारी येऊन म्हणाले, ‘तुमचा तो हॉर्नेल काय हात हलवत परत गेला होता?’ यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. ज्या बरण्या मी इतकी वर्षं पुसल्या, त्या कुणीतरी असाच कॅन घेऊन गेल्यामुळेच आहेत. त्या नसत्या तर त्या मुलीनं खडकातला डोळा ओळखला असता का? आणि सरांचीही अडचण खोटी नाही: प्रात्यक्षिकाला ओळखण्यासाठी नमुने मांडावे लागतात. फोटो मांडले तर परीक्षक नाक मुरडतात आणि तेच परीक्षक वर्गात पर्यावरणावर भाषणं देतात.

सोमवारी लेखी खुलासा मागितला: ‘विद्यार्थ्यांसमक्ष आज्ञाभंग.’ मी चार ओळींत दिला आणि सोबत दुसरा कागद जोडला. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, गांधीनगरला, शैक्षणिक नमुन्यांसाठी रीतसर परवानगी मागणारा अर्ज; मॅडमनी मजकूर सांगितला, टाइप मी केला. कोणते प्राणी, किती, कशासाठी, कुठे ठेवणार, सगळं आहे. पहिल्या अनुसूचीतलं एकही नाव नाही. सर म्हणाले, ‘चार बरण्यांसाठी गांधीनगर?’ अर्ज त्यांच्या टेबलावर आहे. प्राचार्यांनी अजून मला बोलावलेलं नाही आणि अर्जावर सहीही झालेली नाही.