विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून सगळं पुसून बघितलं

चोपड्यातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर एका मुलाने सामायिक फोल्डरमध्ये 'आरएम -आरएफ *', म्हणजे इथलं सगळं न विचारता पुसून टाक, ही लिनक्सची कमांड दिली आणि अख्ख्या वर्गाची प्रॅक्टिकलं गेली. "सर, मला वाटलं मी माझ्याच फोल्डरात आहे," म्हणताना तो रडकुंडीला आला होता. अडावद-धानोऱ्याकडून एसटीने येणारी ही मुलं, बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटर नाही. त्याला सगळे बोलले. पण ते फोल्डर ७७७, म्हणजे सगळ्यांना लिहायला-पुसायला खुलं, करून ठेवणारा मीच होतो.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ठरवलं, एकदा स्वतः पुसून बघायचं. सकाळी सातलाच लॅब उघडायचो, कारण अकरानंतर उन्हाने तिथे बसवत नाही. व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या खोट्या कॉम्प्युटरवर, डेबियन लिनक्स टाकलं, सुडो (ॲडमिनचे अधिकार) नसलेला 'विद्यार्थी' हा युजर तयार केला आणि स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची आहे तशी प्रत, घेतला. खऱ्या मशीनवर हे कोणी करू नका. लावलेला पेनड्राइव्हसुद्धा पुसला जातो.

'आरएम -आरएफ /' ला (/ म्हणजे सगळ्या फोल्डरांचं मूळ) लिनक्समधल्या जीएनयूच्या आरएमने सरळ नकार दिला. मुळाची ही राखण ते आपणहून करतं. पण '/*' लिहिलं की शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आधीच एकेक नाव सुटं करून देतं, मग ती राखण उरत नाही. तसं केल्यावर 'परमिशन डिनाइड'च्या ओळी धो धो पळायला लागल्या. 'एफ'मुळे प्रश्न विचारणं थांबतं, अधिकार वाढत नाहीत. रिबूट केलं, मशीन व्यवस्थित सुरू झालं.

मग युजरचं होम, म्हणजे त्याचं स्वतःचं फोल्डर, उघडलं. तिथे मी रूटच्या (सर्वाधिकारी ॲडमिनच्या) मालकीची, ४४४ परवानगीची, म्हणजे फक्त वाचता येणारी, प्रश्नसंचाची फाइल मुद्दाम ठेवली होती. ती सुरक्षित राहील याची मला खात्री होती. ती गेली होती! स्नॅपशॉट परत आणून पुन्हा केलं, पुन्हा गेली. रूटच्या मालकीचं रिकामं फोल्डरही गेलं, आत फाइल असलेलं मात्र राहिलं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फाइल पुसायची म्हणजे ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या यादीतून तिचं नाव खोडायचं. हजेरीपट ज्याच्या हातात, तो कुणाचंही नाव खोडू शकतो. लिहिण्याचा अधिकार बघितला जातो तो फोल्डरचा, फाइलचा नाही. इतकी वर्षं मी फाइलींना कुलपं लावत बसलो होतो.

आता प्रश्नसंच रूटच्या ७५५, म्हणजे फक्त रूटला लिहिता येईल अशा, फोल्डरात असतात. मुलं काम जमा करतात ते फोल्डर १७७७ केलं, म्हणजे स्टिकी बिट लावला, तात्पुरत्या फाइलींच्या /टीएमपी फोल्डरला असतो तसाच. तिथे मुलांना फक्त स्वतःची फाइल पुसता येते. स्वतःची चुकून पुसली तर त्यावर स्टिकी बिटचा इलाज नाही, म्हणून रोज रात्री त्यांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी कॉपी जाते.

जूनमध्ये त्याच मुलाला व्हर्च्युअल मशीनसमोर बसवलं. आधी घाबरला, मग त्याने स्वतःच कमांड दिली. स्टिकी बिटच्या फोल्डरात दुसऱ्या युजरच्या फाइली जागच्या जागी होत्या.

"सर, मघाशी परमिशन डिनाइड होतं, इथे ऑपरेशन नॉट परमिटेड का आलं?"

मी त्याला 'एलएस -एलडी' ही फोल्डरच्या परवानग्या दाखवणारी कमांड द्यायला लावली आणि परवानग्यांच्या शेवटी असलेल्या 'टी'वर, म्हणजे स्टिकी बिटच्या खुणेवर, बोट ठेवलं.