गोडोमध्ये ‘किल्ला’ लिहिताना

दिवाळीच्या सुट्टीत भाच्यासाठी खेळ करायला घेतला: सुटी अक्षरं सरकवायची, किल्ल्यावरचा शब्द जुळवायचा. आधी खेळ बनवायचं एक जुनं जावा फ्रेमवर्क वापरलं. स्क्रीनवर ‘किल्ला’ उमटला तो असा: वेलांटी ‘क’ सोडून ‘ल’च्या डोक्यावर, त्या ‘ल’चा पाय मोडलेला आणि शेजारी सुटा ‘ला’. आठवडाभर फाँट बदलत बसलो. फाँट बिचारा निर्दोष होता. वेलांटी मागे नेणारं, जोडाक्षर घडवणारं असं त्या फ्रेमवर्कमध्ये काही नव्हतंच.

मग गोडो हे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे गेम इंजिन, घेतलं. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या अर्जेंटिनातल्या दोघांचं हे इंजिन २०१४ मध्ये एमआयटी या मुक्त वापराच्या परवान्याखाली खुलं झालं. मार्च २०२३ च्या ४.० आवृत्तीपासून त्यात वेलांट्या, जोडाक्षरं जागच्या जागी बसवणारी हार्फबझ ही लायब्ररी आहे. ‘किल्ला’ पहिल्याच फटक्यात सरळ! बहिणीला फोटो पाठवला. तिला त्यात काय विशेष ते कळेना.

खरी मेहनत अक्षरं सुटी करताना. गोडोला ‘किल्ला’ची लांबी विचारली तर उत्तर सहा, कारण वेलांटी, हलन्त (पाय मोडायची खूण), काना सगळे वेगळे मोजले जातात. भाच्याला हव्यात दोनच सोंगट्या, ‘कि’ आणि ‘ल्ला’. शेवटी नियम हातानेच लिहिला: काना-मात्रा मागच्याला चिकटवायची, हलन्त आला की पुढचंही ओढून घ्यायचं.

खेळ अँड्रॉइडवर न्यायला जेडीके १७ (जावाची साधनं), एसडीके (अँड्रॉइडची साधनं) आणि आपल्याच गोडो आवृत्तीचे एक्स्पोर्ट टेम्प्लेट, म्हणजे खेळ ज्यात भरायचा ते तयार साचे, लागतात. ते एका संध्याकाळी झालं. ब्राउझरमध्ये मात्र अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फोनवर गोडो सिस्टिमचा फाँट उसना घेत होतं, ब्राउझरमध्ये ती सोय नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा खुला फाँट प्रोजेक्टमध्येच टाकला, तेव्हा अक्षरं दिसली.

भाचा खेळायला बसला आणि ‘दर्‍या’वर अडला. सोंगट्या तीन: ‘द’, अर्धा ‘र्‍’, ‘या’. शब्दांची यादी मी इकडून तिकडून चिकटवलेली. त्यात हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह होतं. माझ्या नियमाने तेच ओढून घेतलं, ‘या’ बाहेर राहिला. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘पहारेकऱ्या’ सगळे ‘ऱ’ वापरून पुन्हा टाइप केले. तोवर भाचा अंगणात खऱ्या किल्ल्याला माती लावायला निघून गेला होता.