हाफची वही: टाच, ताप आणि पाण्याचे दिवस

शेवटची नोंद ऑक्टोबरात टाकली होती, तीही अर्धवट. "यंदा हाफ बहुतेक नाही" असं लिहून वही मिटली होती. तर मंडळी, झाली माझी हाफ मॅरेथॉन. २१.१ किमी, २ तास ५१ मिनिटं ४० सेकंद. वेळ सांगण्यासारखी नाही हे मलाही कळतं. अविनाश साबळेनं २०२०मध्ये दिल्लीत हेच अंतर ६० मिनिटं ३० सेकंदांत संपवलं होतं, म्हणजे तेवढ्या वेळात मी जेमतेम साडेसात किलोमीटरवर होते. पण जूनपासूनच्या सात महिन्यांत जे काही झालं त्यातलं बरंच तुमच्यापैकी कुणाच्या तरी उपयोगाचं आहे, म्हणून लिहिते.

नव्यांसाठी: मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. मुलगा पाचवीत, मुलगी मोठ्या गटात, नवरा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. घरी सासूबाई आहेत, सत्तरी ओलांडलेल्या.

सुरुवात जूनमध्ये, शाळा उघडल्यावर. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात धावायला सुरुवात करणाऱ्याला माझा नमस्कार. पहाटे पाचलाही रस्ता कोमट लागतो. सात रस्ता चौकातून विजापूर रोडनं कंबर तलावाकडे जायचं (पाटीवर संभाजी तलाव, तोंडात अजून कंबर तलावच) आणि परत यायचं. पहिल्या आठवड्यात त्यातलं निम्मं अंतर चालतच झालं. दोन बाळंतपणांनंतर धावताना दोन थेंब लघवी होते, हेही तेव्हाच कळलं. हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. फिजिओथेरपिस्टनं ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले, रोज तीन वेळा. बसल्या जागी होतात, शेजारच्या टेबलावरच्यालाही कळत नाही. तीन महिन्यांत फरक पडला. तोवर काळी पँट आणि पॅड.

वेळापत्रक म्हणाल तर ते पाण्यावर चालतं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि येतं तेही नेमकं पहाटे. छापील आराखड्यात "रविवार: लांब धाव" असतं. माझ्या रविवारी पिंप, दोन हंडे, कळश्या आणि गच्चीवरच्या टाकीची मोटर असते. जुलैत तीन लांब धावा अशाच गेल्या. मग मी रविवार हा शब्दच खोडला. पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी लांब धाव, मग तो मंगळवार असो की गुरुवार. त्या दिवशी चारला उठायचं, पोळ्यांची कणीक रात्रीच मळून ठेवायची. चार दिवसांचं हे चक्र सात दिवसांच्या आठवड्यात बसत नाही, पण पायांना वार कळत नाही.

ऑगस्टमध्ये घाई केली. आठवरून दोन आठवड्यांत तेरा किलोमीटर. तिसऱ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं. चार पावलं टाकली की कमी, बसून उठलं की पुन्हा. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावतो, त्याचं हे दुखणं. अंतर एकदम वाढवणं हे एक कारण, पोटऱ्या आखडलेल्या असणं हे दुसरं. तिसरं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सापडलं: "घरी फरशी कसली?" शहाबादी. त्यावर अनवाणी सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास.

स्वयंपाकघरात चप्पल घालायची म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा असा झाला की मी विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी ओट्यापुढे जुनी सोलापुरी चादर चार घड्या करून घातलेली. कडेला दोरा टाकून शिवलेलीही, सरकू नये म्हणून. काही बोलल्या नाहीत. तळवा रगडायला मी लाटणं उचललं तेव्हा मात्र बोलल्या, "लाटण्याला पाय लावतेस?" आणि माळ्यावरून मागाची, सूत गुंडाळायची जुनी लाकडी कांडी काढून दिली. लग्नाआधी त्या माहेरी कांड्या भरायच्या. मधे किंचित फुगीर, दोन्हीकडे निमुळती. तळव्याच्या खळग्यात अशी बसते की बाजारातला कुठलाही रोलर तिच्यापुढे फिका. रात्री पाच मिनिटं कांडी, आणि दिवसातून दोनदा जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाच सावकाश वर-खाली, पंधरा-पंधराचे तीन फेरे. सहा आठवडे लागले. मधल्या काळात पळणं बंद, फक्त चालणं.

टाच बरी होतेय तोवर मुलीला ताप, आठ दिवस. ती उठली आणि मी पडले. त्यातच रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४. बाईचं १२ तरी हवं. जिना चढताना धाप लागायची ती मी वयावर ढकलत होते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमियाच्या निघाल्या, म्हणजे मी काही वेगळी नाही. पण धावणाऱ्या बाईनं चप्पल-बुटांवर पैसे घालण्याआधी ही तपासणी करावी, एवढं मी आता भेटेल तिला सांगते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि जेवणावरचा चहा बंद, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळ्यांपेक्षा चहा सोडणं अवघड गेलं. डिसेंबरात आकडा ११.३.

कोजागरीला गल्लीतली माणसं दरवर्षीप्रमाणे तुळजापूरला चालत निघाली. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर. सासूबाईंनी ही वारी वीसेक वर्षं केली. यंदा त्या दारात बसून निघालेल्यांना बघत होत्या आणि मी तापातून उठून शेजारी बसले होते. मी म्हटलं, आता सलग एकवीस पळणं या जन्मी होत नाही. त्या म्हणाल्या, "सलग कुणी सांगितलंय? आम्ही दम लागायच्या आधीच चाल कमी करायचो. दम लागल्यावर बसलेला माणूस उठत नाही बघ."

१९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे पुढे आयुष्यभर हेच शिकवत राहिले: पहिल्या मिनिटापासून ठरवून पळा-चाला. मी ते आधी वाचलं होतं आणि नवशिक्यांचं म्हणून बाजूला ठेवलं होतं. सासूबाईंनी सांगितल्यावर पटलं, काय करणार. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट झपझप चालायचं. पळताना किलोमीटरला साडेसात मिनिटं, चालताना अकरा, सरासरी आठ. नोव्हेंबरात दहा किमी, डिसेंबरात चौदा, सोळा, अठरा. टाच गप्प. अठराच्या आदल्या रात्री हुरडा पार्टी झाली होती, आणि अकराव्या किलोमीटरला मला पेट्रोल पंपावरचं शौचालय शोधावं लागलं. तेव्हापासून आदल्या रात्री फक्त दहीभात.

शर्यत जानेवारीत. गावात गड्ड्याची (सिद्धेश्वराच्या जत्रेची) तयारी, संध्याकाळी नंदीध्वजांचा सराव. शर्यतीच्या आदल्या दिवशी पाळी आली, आलीच पाहिजे. सुरुवातीला अंधार होता, सात वाजता उजाडलं. चौथ्याच मिनिटाला मी चालायला लागले तेव्हा मागून आलेले टोपीवाले काका म्हणाले, "अहो ताई, आत्ताच?" दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी धीर द्यायचं. चांगल्या मनानं, पण वैताग. खिशात गूळ-शेंगदाण्याचे सहा छोटे लाडू आणि मीठ-साखर-लिंबाची बाटली. पाण्याच्या टेबलावर ताकदीसाठी खायचे गोड जेल वाटत होते, हात मागे घेतला. कधी न खाल्लेलं त्या दिवशी खायचं नाही.

सतराव्याला डावी पोटरी आखडली. दगडासारखी. दुभाजकाला हात टेकवून ताणली, नव्वद सेकंद गेले. तिथून तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. पावलं मोजत होते आणि मोजताना कांड्यांचा हिशेब डोक्यात येत होता, का ते देवाला ठाऊक. एकोणिसाव्याला टोपीवाले काका दिसले, कमरेवर हात ठेवून चालत होते. मी काही बोलले नाही. बोलावंसं फार वाटलं.

घरी आले तर मुलगा पदक घालून शेजारी दाखवायला पळाला. सासूबाईंनी गरम पाणी काढून ठेवलं होतं.

"किती झालं म्हणालीस?"

"एकवीस."

त्यांनी जरा हिशेब केला. "म्हणजे तुळजापूरच्या निम्मंसुद्धा नाही."

सध्याची स्थिती: पोटरी अजून जड, दोन आठवडे फक्त चालणं. हिमोग्लोबिन फेब्रुवारीत पुन्हा. कोजागरीचं नाव सासूबाईंनी माझ्या वतीनं गल्लीत देऊन टाकलंय, मला न विचारता. रात्रभर चालण्यासाठी बूट की सॅंडल, याचा कुणाला अनुभव असेल तर सांगा.