दोन लॅपटॉप, ५८ रिव्हेट आणि एक मेलेली रॅम: सहा आठवड्यांची प्रगती

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की थिंकपॅड टी४८० मिळालाय, एका ऑफिसच्या लीजमधून निघालेला, आणि आता त्यावर काम सुरू करतोय. ते झालं, पण मधेच ताईच्या मुलीचा लॅपटॉप आला आणि सगळं वेळापत्रकच बदललं, म्हणून ही नोंद दोन्हींची मिळून आहे.

टी४८० आधी उरकतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही आणि तेच मला आवडलं. बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून, आतली बॅटरी डिसेबल केली, बाहेरची खटके सरकवून काढली, खालचं कव्हर उघडलं (स्क्रू कव्हरातच अडकून राहतात, एकही हरवत नाही), रॅमची आठ जीबीची एक स्टिक होती तिथं सोळाच्या दोन टाकल्या, वायफाय कार्ड बदललं, फॅनमधली धूळ काढली, थर्मल पेस्ट नवी लावली. एका संध्याकाळचं काम. बाहेरची बॅटरी मशीन चालू असताना काढून दुसरी लावता येते, तेवढा वेळ आतली सांभाळते. हे मॉडेल २०१८ चं आहे. पुढच्याच वर्षीच्या टी४९० मध्ये बाहेरची बॅटरी गेली, अर्धी रॅम बोर्डावर सोल्डर झाली आणि एकच स्लॉट उरला, त्यामुळे जुन्या बाजारात टी४८० अजून भाव खाऊन आहे.

आता भाचीचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लॅपटॉप तीन वर्षांचा, पातळ, हलका, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या किमतीतले बहुतेक असेच असतात. कीबोर्डवर चहा सांडला, दुधाचा, साखर घातलेला. पोरीनं लगेच पॉवर बटण दाबून धरून बंद केला आणि उलटा करून ठेवला, ते फार बरं केलं, बोर्ड वाचला. पण मधली तीन बटणं आणि स्पेसबार गेला. फोनवर म्हणाली, "मामा, कीबोर्ड बदलशील ना, आणि उघडतोच आहेस तर रॅमपण वाढव, आठमध्ये अँड्रॉइड स्टुडिओ चालतच नाही." (म्हणजे फोनची ॲप बनवायचं सॉफ्टवेअर.)

कीबोर्ड

टी४८० चा कीबोर्ड वरून निघतो, बोर्डाला हातसुद्धा लावावा लागत नाही. इथे कीबोर्ड वरच्या कव्हरला आतून प्लास्टिकच्या रिव्हेटनी दाबून बसवलेला, दुकानात याला सगळे रिबिट म्हणतात. म्हणजे बॅटरी, फॅन, मदरबोर्ड, स्पीकर, सगळं बाहेर काढायचं, मग काळा चिकट पातळ कागद सोलायचा, आणि मग खाली ते बारके गोल बोंडं दिसतात. मोजले, ५८. अधिकृत मार्ग म्हणजे अख्खं टॉप कव्हर बदलायचं, आणि ते नुसत्या कीबोर्डपेक्षा कितीतरी महाग पडतं.

मी नुसता कीबोर्ड मागवला. बोंडांची डोकी धारदार छिन्नीनं एकेक करून आडवी कापली, मुळं शक्य तितकी लांब ठेवायची हे महत्त्वाचं, कारण त्याच मुळांवर नवा कीबोर्ड बसतो. पहिली पाच-सहा मी जास्तच खोल कापली, नंतर अंदाज आला. नवा कीबोर्ड बसवून सोल्डरिंग आयर्न २२० अंशांवर ठेवलं, जुनी चपटी टीप लावली आणि प्रत्येक मूळ वितळवून परत डोकं तयार केलं, दीड-दोन सेकंद, वर स्क्रूड्रायव्हरची मागची बाजू गार होईपर्यंत दाबून धरायची. जिथे मूळ छोटं होतं तिथं दोन भागांचं इपॉक्सी, एक थेंब. वास येतो, खिडकी उघडी ठेवा आणि मास्क लावा. दोन रविवार गेले. आता मधोमध दाबलं तरी कीबोर्ड लचकत नाही, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

याच आठवड्यात दुसरी गोष्ट लक्षात आली. ट्रॅकपॅड खालच्या बाजूला क्लिक होत नव्हता, म्हणजे बॅटरीला फुगवटा सुरू झालाय. तुमच्याकडे कुणी "ट्रॅकपॅड कडक झालाय" म्हणत आलं तर आधी बॅटरी बघा, ट्रॅकपॅड नंतर. ही बॅटरी नशिबानं स्क्रूवर होती, चार स्क्रू, दहा मिनिटं. गोंदानं चिकटवलेली असती तर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) सोडून, दोरा खालून फिरवत, सेलला भोक पडू नये म्हणून जीव मुठीत धरून तासभर तेच करत बसावं लागलं असतं. त्या गोंदानं बॅटरी चांगली झाली का? मला तरी तसं वाटत नाही. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत असा कायदा लागू होतोय, त्याचा परिणाम आपल्याकडे येणाऱ्या मॉडेलांवरही दिसेल अशी मला आशा आहे.

रॅम

इथे मात्र मी तावातावानं बोलणार नाही, कारण सोल्डर केलेल्या रॅममागे खरं कारण आहे. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोपासून आपण ही तक्रार करतोय, तेव्हा दुरुस्तीला मशीन किती सोपं याचे गुण देणाऱ्या आयफिक्सिटनं त्याला दहापैकी एक दिला होता. पण आता एलपीडीडीआर५एक्स ही नवी रॅम कमी व्होल्टेजवर आणि फार जास्त वेगानं चालते, तारा जितक्या आखूड तितका सिग्नल स्वच्छ, आणि ही रॅम नेहमीच्या सोडिममध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या सुट्या रॅम स्टिकमध्ये, येतच नाही. ॲपलनं २०२० मध्ये एम१ प्रोसेसरच्या पॅकेजवरच मेमरी बसवली, इंटेलनं २०२४ च्या लुनार लेक प्रोसेसरमध्ये तेच केलं, बॅटरी जास्त टिकते हे वापरणाऱ्याला जाणवतं. फ्रेमवर्क ही कंपनी तर उभीच राहिली दुरुस्तीच्या तत्त्वावर, पण २०२५ च्या त्यांच्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डर आहे, कारण प्रोसेसर आणि रॅममधली २५६ बिटांची बस त्या वेगावर सुट्या मॉड्यूलवर स्थिर चालवता आली नाही. त्यांनी केलं म्हणजे कारण खरं असणार असं मी धरतो.

आणि स्लॉटचीही दुखणी असतात. कोकणातून येणारी मशीन ज्यांनी उघडलीत त्यांना माहितीय, खारी दमट हवा, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर, डिस्प्ले येत नाही, मग काढून खोडरबर फिरवला की चालू. सोल्डर केलेल्या रॅमला हे होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे वापरून झिजतं ते सुटं असलंच पाहिजे: बॅटरी, कीबोर्ड, एसएसडी, चार्जिंगचा पोर्ट, फॅन. रॅम झिजत नाही, ती फक्त कमी पडते, म्हणून तिथं मी वेगाच्या बदल्यात सोल्डर मान्य करीन, पण मग मशीन विकतानाच पुरेशी द्या. भाचीच्या मशीनमध्ये साधी डीडीआर४ आहे, जी स्टिकमध्ये आरामात मिळते, आणि तरी ती सोल्डर करून आठवर थांबवलीय, स्लॉट एकही नाही. याला वेगाचं कारण देता येत नाही. मधला रस्ताही आता आहे, एलपीकॅम२ म्हणजे तीच एलपीडीडीआर पण स्क्रूनं बसणाऱ्या मॉड्यूलवर, २०२४ च्या थिंकपॅड पी१ जेन ७ मध्ये ती आली. त्याच वर्षी टी४९० च्याच मालिकेतला टी१४ जेन ५ परत रॅमचे दोन स्लॉट घेऊन आला. चक्र उलटं फिरू शकतं हे बघून बरं वाटलं.

भाचीच्या बोर्डावर चार चिप आहेत आणि शेजारी चार रिकाम्या जागा, सोळावाल्या मॉडेलसाठीच्या. बघितल्या बघितल्या हात शिवशिवले. पण नुसत्या चिप बसवून होत नाही, आजूबाजूचे बारके कपॅसिटर आणि रेझिस्टर लावावे लागतात, आणि स्टिकवर जशी स्वतःची माहिती सांगणारी एसपीडी चिप असते तशी इथे नसते, कुठली मेमरी किती आहे हे बायोसला दोन-चार स्ट्रॅप रेझिस्टरवरून कळतं, तेही हलवावे लागतात. तिचा एकच लॅपटॉप आहे, त्यावर शिकायचं नाही असं ठरवलं. तोपर्यंत तिला सांगितलं की इम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) बंद कर, खरा फोन यूएसबीनं जोड आणि ॲप त्यावर चालव. तेवढ्यानंच तिचं बरंच काम हलकं झालं.

सराव

शिकतोय ते मेलेल्या सोडिमवर. पुण्याच्या तापकीर गल्लीत फ्लक्स आणि सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी आणायला गेलो तेव्हा एका ओळखीच्या कारागिरांकडून खराब स्टिकांची पिशवीच घेऊन आलो. त्यातली एक आठ जीबीची, लेबलवर १आरएक्स१६, म्हणजे फक्त चार चिप, प्रत्येकी १६ बिटांची. टी४८० मध्ये लावून मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवली, एरर ६४ पैकी नेमक्या १६ बिटांच्या पट्ट्यात, म्हणजे चारातली एकच चिप खराब. सुट्या स्लॉटचं मशीन हाताशी असल्यामुळे हा सराव शक्य झाला, प्रत्येक प्रयत्न लगेच तपासता येतो.

डोनर, म्हणजे सुटे भाग काढायच्या दुसऱ्या स्टिकवरून तशीच चिप काढली. खालून प्रीहीटर १५० अंशांवर, वरून हॉट एअर, तापमान मोजणारा थर्मोकपल चिपच्या कडेला. शिसं नसलेलं सोल्डर २१७ च्या आसपास वितळतं, त्या वेळी चिमट्यानं हलकंच टोचलं की चिप किंचित सरकते आणि आपोआप जागेवर परत येते, हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं तेव्हा मी दोन मिनिटं काहीच केलं नाही, नुसता बघत राहिलो. मग पॅड (चिप जिथे जोडली जाते ते धातूचे ठिपके) वेणीनं साफ, वर छिद्रांची स्टेन्सिल, त्यातून सोल्डरच्या ९६ गोळ्या. पहिल्या वेळी दोन गोळ्या एकमेकींना चिकटल्या, दुसऱ्या वेळी एक पॅडच उखडला आणि ती स्टिक गेली. मग शिशाचं सोल्डर वापरलं, ते १८३ लाच वितळतं, बोर्डावर ताण कमी येतो.

पाचवी स्टिक शुक्रवारी रात्री अकराला मेमटेस्टला लावून झोपलो. सकाळी चार पास, शून्य एरर. आत्तापर्यंतचा हिशोब तीन जगल्या, दोन गेल्या. सलग दहा जगल्या की भंगारातला एक रिकाम्या पॅडांचा बोर्ड घेऊन स्ट्रॅपचं काम करून बघणार. भाचीनं परवा परत विचारलं, तिला दिवाळीच्या सुट्टीत घेऊन ये म्हटलंय.