बारा किलो कांद्याची फ्रेंच संध्याकाळ

इंग्लंडमधल्या खेड्यातला सोशल क्लब वर्षातून एखादी संध्याकाळ फ्रेंच होतो. मुहूर्त बहुधा नोव्हेंबरमधल्या तिसऱ्या गुरुवारच्या आसपासचा, कारण त्या दिवशी बोजोले नुव्हो ही वर्षाची नवी वाईन विक्रीला येते. हॉलमध्ये तिरंगी पताका, टेबलांवर लाल चौकड्यांचे कागद, आणि पट्ट्यांचा टीशर्ट, बेरे टोपी आणि गळ्यात कांद्यांची माळ अशा थाटातले निदान चार काका.

या सोंगावर हसू येतं, पण ते हवेतून आलेलं नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या रॉस्कॉफचा आंरी ओलिव्हिए 1828 मध्ये होडीभर गुलाबी कांदे घेऊन इंग्लंडला आला आणि विकून परतला. मग त्याच्या गावचे लोक दरसाल येऊ लागले. पुढे सायकलच्या हँडलवर कांद्याच्या वेण्या लटकवून दारोदार फिरायचे. इंग्रज त्यांना ‘ओनियन जॉनी’ म्हणत. खेड्यातल्या बाईला दारात दिसणारा फ्रेंच माणूस बहुधा हाच. तेव्हा या रात्री मान कांद्याच्या सुपाचाच, बाकी सगळं तोंडी लावायला.

साठ माणसांना बारा किलो कांदा लागतो. उभा, पातळ चिरायचा. सहाशे ग्रॅम लोणी, त्यात थोडं तेल. पहिली चूक इथेच होते: सगळा कांदा एकाच मोठ्या पातेल्यात. मग खालचा कांदा वरच्याच्या पाण्यात उकडतो आणि तासाभरानंतरही पांढराच. तीन पसरट भांडी घ्यावीत, आधी मीठ घालून झाकावं, पाणी सुटलं की झाकण काढून मंद आचेवर दीड तास तरी ढवळत राहावं. ढीग चतुर्थांशावर येतो, रंग जुन्या गुळासारखा. वाटणाचा कांदा भाजायला सरावलेला हात इथे घात करतो. आच वाढवली की कडा करपतात, आत कच्चं राहतं. मिसळीच्या कटात तो करपलेपणा खपून जातो. इथे सगळं भांडं कडू.

मग दीडशे ग्रॅम मैदा, दोन बाटल्या पांढरी वाईन, तळाला चिकटलेलं खरवडून घ्यायचं आणि बारा लिटर स्टॉक. स्टॉक मूळचा बीफचा, म्हणून शाकाहाऱ्यांसाठी मशरूमचा वेगळा. सुपावरचं ग्रुयेर चीजही त्यांना चालत नाही, कारण ते वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेलं असतं. ही गोष्ट समितीला नेमकी वाढायच्या वेळी आठवते.

हॉलचा ओव्हन घरगुती मापाचा. पाव-चीज घातलेल्या सुपाच्या साठ वाट्या ग्रिलखाली घालायचा हट्ट धरला तर पहिल्या टेबलाचं खाऊन होईतो शेवटचं टेबल वाईनच्या तिसऱ्या ग्लासावर असतं. त्यापेक्षा सहा बॅगेटचे, म्हणजे लांबट फ्रेंच पावांचे, दोन सेंटिमीटरचे काप ट्रेमध्ये मांडावेत, दोन किलो किसलेलं चीज पसरून 200 अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजावेत आणि वाढताना माणशी दोन काप सुपावर तरंगत सोडावेत. बॅगेट आदल्या दिवशीचा बरा. ताजा पाव सुपात क्षणात लगदा होतो.

वाईनची किंमत तिकिटात धरली तरी कायद्यानं ती विक्रीच. हॉलला परवाना नसेल तर तात्पुरत्या परवानगीची नोटीस दहा कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते. बाटली ज्यानं त्यानं आणली तर ही कटकट नाही. चीज मात्र गोडाच्या आधी, आणि तासभर आधी फ्रिजबाहेर काढलेलं; थंडगार ब्री खडूसारखा लागतो. पेतांक या फ्रेंच खेळाचे लोखंडी गोळे 650 ते 800 ग्रॅमचे असतात. ते हॉलच्या लाकडी जमिनीवर टाकू देऊ नयेत, कितीही आर्जवं झाली तरी.

एवढं करून रात्र बुडते ती विजेपायी. चहाचं पाणी उकळायचा विजेचा अर्न एकटाच तीन किलोवॅट खातो. त्याच एक्स्टेंशनवर दोन शेगड्या लावल्या की फ्यूज उडतो आणि कांदा अर्धकच्चा राहतो. शिवाय त्याचा वास पडद्यांत बसतो आणि सकाळी तिथेच योगाचा वर्ग असतो. म्हणून जाणते आयोजक कांदा आदल्या दिवशी तीन घरांत चार-चार किलो परतून घेतात, उथळ ट्रेमध्ये लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवतात आणि हॉलवर फक्त स्टॉक घालून उकळी काढतात. वास मग त्या तीन घरांत राहतो, चांगला आठवडाभर.